पुणे ते पणजी : चार्जिंगचे थांबे ठरवून देणाऱ्या ‘अ बेटर रूटप्लॅनर’ची पारख

गेल्या डिसेंबरात, नाताळच्या आधीच्या शुक्रवारी, आम्ही चौघे नेक्सॉन ईव्ही या विजेच्या गाडीने पुण्याहून पणजीला गेलो आणि पाचव्या दिवशी परत आलो. कराड, कोल्हापूर, निपाणी, आजरा, आंबोली, सावंतवाडी हा आमचा नेहमीचा रस्ता. एकेरी अंतर सुमारे साडेचारशे किलोमीटर. या प्रवासातले चार्जिंगचे थांबे ठरवण्यासाठी मी ‘अ बेटर रूटप्लॅनर’ हे अ‍ॅप वापरले आणि हे परीक्षण मुख्यतः त्याचेच आहे. मुख्यतः अशासाठी, की नुसते त्याच्यावर विसंबून मी निघालो नव्हतो आणि कोणी निघावे असेही मला वाटत नाही. ‘प्लगशेअर’ हे दुसरे अ‍ॅप आणि साधा फोन ही दोन साधने त्याच्या जोडीला होती, आणि तिन्हींची कामे इतकी वेगळी आहेत की एकाचे काम दुसऱ्याकडून करून घ्यायला गेल्यास फसगत होते.

अ‍ॅपची थोडी ओळख करून देतो. इटर्निओ या स्वीडिश कंपनीने ते तयार केले आणि २०२३ मध्ये विजेच्या गाड्या बनवणाऱ्या रिव्हियन या अमेरिकी कंपनीने ते विकत घेतले. तरीही ते एकाच कंपनीच्या गाड्यांपुरते नाही; आपल्याकडच्या गाड्याही त्याच्या यादीत सापडतात. निघण्याचे ठिकाण, पोहोचण्याचे ठिकाण, गाडीचे मॉडेल आणि निघतानाची बॅटरीची टक्केवारी एवढे सांगितले, की कुठे थांबायचे, तिथे किती टक्के उरलेले असतील, किती टक्क्यांपर्यंत भरायचे आणि त्याला किती मिनिटे लागतील याचा तक्ता ते समोर ठेवते. हिशेबात रस्त्याचा चढउतार आणि अपेक्षित वेग धरलेला असतो. नियोजनाची ही मूळ सोय फुकट आहे. चालू हवामान, रहदारी, चार्जर त्या क्षणी रिकामा आहे की नाही, आणि गाडीच्या पडद्यावर अ‍ॅप उघडण्याची सोय या गोष्टींना मात्र पैसे पडतात. मी पैसे भरले नाहीत. त्याचे कारण पुढे येईल.

आधी गाडीबद्दल, कारण तिचे आकडे ठाऊक नसतील तर अ‍ॅपने दिलेल्या उत्तराला अर्थ नाही. माझी गाडी ४०.५ युनिट बॅटरीची, म्हणजे सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या आवृत्तीतली मोठ्या बॅटरीची. किलोवॉट-अवर म्हणजेच आपल्या वीजबिलातले युनिट, म्हणून यापुढे युनिट हाच शब्द वापरतो. या गाडीचा प्रमाणित पल्ला ४६५ किलोमीटर असा जाहीर झाला होता. त्या आकड्यावर विश्वास ठेवला तर पुण्यात भरलेली गाडी थेट पणजीत नेता येईल असे वाटेल. चाचणीतला तो आकडा महामार्गावर भेटत नाही. माझ्या वहीतल्या नोंदींप्रमाणे चार माणसे, सामान आणि वातानुकूलन धरून तासाला ८० किलोमीटरच्या स्थिर वेगाने किलोमीटरला १३० वॉट-अवर लागतात (हजार वॉट-अवर म्हणजे एक युनिट), ९० ने १५० आणि शंभराने १७० च्या आसपास. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून वेग थोडाच वाढवला तरी खर्च बराच वाढतो. ९० च्या वेगाने पूर्ण बॅटरीत २७० किलोमीटर होतात, आणि शेवटचे १५ टक्के हात न लावता राखून ठेवायचे तर हाताशी २३० उरतात. पुणे ते कोल्हापूर हे अंतरही साधारण तितकेच आहे. योगायोग मोहात पाडणारा आहे, पण त्याच्या नादी लागू नये.

आता अ‍ॅपकडे वळतो. पहिल्या खेपेला कोणतीही मांडणी न बदलता मी मार्ग विचारला. उत्तर आले ते अगदी नेटके : पुण्याहून पूर्ण भरून निघा, कोल्हापुरात १४ टक्क्यांवर पोहोचा, तिथे तासभर थांबून ८० टक्क्यांपर्यंत भरा आणि सरळ पणजी गाठा. एकच थांबा. गणित म्हणून त्यात चूक नव्हती. चार्जरपाशी पोहोचताना किमान १० टक्के उरावेत ही अ‍ॅपची मूळची अट त्या योजनेने पाळली होती. मात्र ती अट मला आपल्या महामार्गांसाठी फार हलकी वाटते. १४ टक्के म्हणजे ९० च्या वेगाने जेमतेम ३८ किलोमीटर. एवढ्या शिदोरीवर अनोळखी चार्जर बंद सापडला, तर पुढचा चार्जर शोधण्याइतका धीर माझ्यापाशी नाही, आणि मागच्या बाकावर बसलेल्या आईपाशी तर मुळीच नाही.

म्हणून दोन ठिकाणी बदल केले, आणि हे दोन बदल प्रत्येकाने करावेत असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. पहिला बदल किमान टक्केवारीचा : चार्जरपाशी पोहोचताना १० ऐवजी २५ टक्के. दुसरा बदल अधिक महत्त्वाचा आहे आणि तो बहुतेक जण करत नाहीत. तासाला ११० किलोमीटर वेगाने गाडी किती वीज खाते हा एक संदर्भ आकडा अ‍ॅप प्रत्येक मॉडेलसाठी धरून चालते आणि बाकीच्या सगळ्या वेगांचे हिशेब त्यावरून करते. तो आकडा आपल्या गाडीच्या टायरांना, आपल्या सामानाला आणि आपल्या पायाला लागू पडेलच असे नाही. तो ठरवण्यासाठी मी ११० ने गाडी हाकली नाही. उलट्या बाजूने गेलो. पुणे ते सातारा हा रस्ता मी महिन्यातून दोनदा करतो आणि त्याच्या नोंदी वहीत आहेत. तोच प्रवास अ‍ॅपला सांगितला आणि त्याचे उत्तर वहीशी जुळेपर्यंत तो संदर्भ आकडा थोडा थोडा वर सरकवला. चार-पाच प्रयत्नांत जुळला. त्यानंतर अ‍ॅपने सांगितलेली आणि प्रत्यक्ष उरलेली टक्केवारी यांत या सबंध प्रवासात कुठेही चार टक्क्यांहून जास्त फरक पडला नाही. जो माणूस हे अर्ध्या तासाचे काम न करता ‘अ‍ॅपचे आकडे आपल्याकडे चालत नाहीत’ म्हणून नाक मुरडतो, त्याच्याशी मी सहमत नाही.

बदललेल्या अटींवर नवी योजना आली : कराडला ३८ टक्क्यांवर पोहोचून ७५ पर्यंत भरा, कोल्हापुरात ४७ वर पोहोचून ८५ पर्यंत भरा आणि पणजीत ३० टक्के घेऊन उतरा. एकाच्या जागी दोन थांबे झाले, पण चार्जिंगचा एकूण वेळ फारसा वाढला नाही. बॅटरी साधारण ८० टक्क्यांच्या पुढे गेली की चार्जिंग रेंगाळते, हे विजेची गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला माहीत असते. त्यामुळे मधल्या टप्प्यात दोनदा थोडे थोडे भरणे हे एकदा काठोकाठ भरण्यापेक्षा बहुधा फायद्याचे ठरते. ‘थोडे पण लांब थांबे’, ‘लवकरात लवकर पोहोच’ आणि ‘जास्त पण छोटे थांबे’ अशा तीन पसंती अ‍ॅपमध्ये देता येतात. मी तिन्ही लावून पाहिल्या आणि शेवटी पोटाला विचारून निर्णय घेतला : कराडला नाश्ता, कोल्हापुरात जेवण. पुण्याहून सकाळी सहाला निघणाऱ्या कुटुंबाला या दोन ठिकाणी थांबावेच लागते, मग गाडी कशाने का चालेना.

इथे चार्जरच्या ताकदीबद्दल एक बाब नोंदवतो, कारण या बाबतीत फलकांवरचे आकडे माणसाला भुलवतात. १० ते ८० टक्के चार्जिंग ५६ मिनिटांत, असे या गाडीबद्दल कंपनी सांगते. ४०.५ युनिटचे ७० टक्के म्हणजे सव्वाअठ्ठावीस युनिट. ती ५६ मिनिटांत भरायची तर सरासरी वेग ३० किलोवॉटच्या, म्हणजे तासाला ३० युनिटांच्या आसपासच पडतो. अर्थात ही गाडी घेऊन १२० किलोवॉटचा फलक पाहून हरखून जाण्यात काही हशील नाही. गाडी आपल्या तोंडाएवढाच घास घेणार. उलट ६० किलोवॉटच्या मशीनला बहुधा दोन गन, म्हणजे गाडीला जोडायच्या केबलच्या मुठी असतात, आणि दुसरी गाडी जोडली गेली की प्रत्येकीच्या वाट्याला ३० येतात, या वाटणीचा आमच्यासारख्यांना फारसा फटका बसत नाही. मोठ्या बॅटरीच्या, जास्त वेगाने वीज घेणाऱ्या नव्या गाड्यांच्या मालकांना तो चांगलाच बसतो. एकाच मशीनवर शेजारी कोण येणार याचा हिशेब कोणतेही अ‍ॅप आदल्या रात्री करू शकत नाही, हे त्यांनी योजनेतली मिनिटे वाचताना ध्यानात ठेवावे.

इथवर गणित झाले आणि गणितात या अ‍ॅपला मी पैकीच्या पैकी गुण देतो. पण चार्जर जिवंत आहे का, हा प्रश्न गणिताचा नाही. त्याच्यासाठी मी ‘प्लगशेअर’ उघडतो. तिथे नकाशावरच्या प्रत्येक चार्जरपाशी आधी येऊन गेलेल्या चालकांच्या नोंदी असतात : कोणत्या तारखेला आलो, कोणती गाडी होती, किती किलोवॉट मिळाले, कोणती गन नादुरुस्त होती, सोबत छायाचित्रे आणि दहापैकी गुण. मी गुण पाहत नाही, शेवटच्या नोंदीची तारीख पाहतो. गेल्या पंधरवड्यात कोणी तरी वीज घेतली असेल तर ते ठिकाण माझ्या यादीत येते. सहा महिन्यांपूर्वी नऊ गुण मिळवून नंतर गप्प बसलेले ठिकाण येत नाही. केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे ‘ईव्ही यात्रा’ हे अ‍ॅपही डिसेंबर २०२२ पासून आहे आणि जवळचा सार्वजनिक चार्जर शोधायला त्याचा उपयोग होतो. पण लांबच्या प्रवासात मला नुसते ठिकाण नको असते, कालपरवा तिथे उभ्या राहिलेल्या माणसाची साक्ष हवी असते.

छायाचित्रांचा आणखी एक उपयोग आहे. पुणे–कोल्हापूर महामार्गाला मधे दुभाजक आहे, आणि नकाशावर अगदी रस्त्याला चिकटून दिसणारा चार्जर प्रत्यक्षात पलीकडच्या, म्हणजे पुण्याकडे जाणाऱ्या बाजूच्या हॉटेलच्या आवारात असतो. तिथे पोहोचायला पुढच्या भुयारी मार्गापर्यंत जाऊन वळून यावे लागते आणि पुन्हा तसेच करावे लागते. अ‍ॅप हे अंतर हिशेबात धरते, त्यामुळे टक्केवारी चुकत नाही. पण कंटाळलेल्या माणसांना घेऊन आठ-दहा किलोमीटरचा वळसा घालायचा की नाही हे ते ठरवत नाही. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत महामार्गाच्या दोन्ही बाजूंना दर २५ किलोमीटरला किमान एक चार्जिंग केंद्र असावे असे म्हटले होते. त्यातले ‘दोन्ही बाजूंना’ हे शब्द ज्याने लिहिले, त्याने हा वळसा स्वतः घातलेला असावा असा माझा तर्क आहे.

यापुढची पायरी फोनची. प्रत्येक नियोजित थांब्याच्या हॉटेलला आदल्या दिवशी दुपारी मी फोन करतो. रात्री करत नाही, कारण रात्री गल्ल्यावर बसलेल्या माणसाला त्या मशीनबद्दल काही सांगता येत नाही. प्रश्न तीनच : आज कोणी गाडी चार्ज केली का, वीज गेली तर चार्जर जनरेटरवर चालतो का, आणि चार्जरपुढे गाड्या लावू देता का. यातल्या तिसऱ्या प्रश्नाला एका ठिकाणी मिळालेले उत्तर मला अजून आठवते : “साहेब, तुम्ही निघालात की फोन करा, आम्ही तिथे खुर्ची ठेवतो.” आणि खरोखरच त्यांनी प्लास्टिकची लाल खुर्ची ठेवली होती. कोणत्याही अ‍ॅपच्या पैसे भरून मिळणाऱ्या आवृत्तीत ही सोय नाही.

तरीही कराडला गडबड झालीच. साताऱ्यानंतर रस्त्याच्या रुंदीकरणाची कामे असल्यामुळे जागोजागी वळवलेला रस्ता आणि सेवारस्ते लागले. वेग ४०–५० वर आला. वेळ गेला, पण वीज वाचली, आणि आम्ही नियोजित चार्जरपाशी ३८ ऐवजी ४१ टक्क्यांवर पोहोचलो. चार्जरचा पडदा चालू होता, हिरवा दिवा लागला होता, त्या कंपनीच्या अ‍ॅपवर ‘उपलब्ध’ असे लिहिले होते, आदल्या दिवशीच्या फोनवर हॉटेलवाल्यांनीही चालू असल्याचे सांगितले होते. गन लावली, अ‍ॅपवरून सुरुवात करण्याची सूचना दिली, आणि दोन मिनिटांनी ‘सत्र सुरू होऊ शकले नाही’ असा निरोप आला. पुन्हा केले, पुन्हा तोच निरोप. मदतवाहिनीवरच्या मुलीने अतिशय नम्रपणे सांगितले, की चार्जरचा त्यांच्या मुख्य संगणकाशी संपर्क तुटला आहे, दूरवरून तो बंद-चालू करून पाहते, वीस मिनिटे द्या. मी दहा दिली. त्या कंपनीच्या अ‍ॅपमधल्या पाकिटात आधी भरावे लागलेले ५०० रुपये मात्र आजही तिथेच पडून आहेत. कंपनीचे नाव लिहीत नाही, कारण हा प्रसंग कोणाच्याही मशीनवर घडू शकतो आणि घडतो.

या प्रसंगातून एक गोष्ट स्पष्ट दिसली, आणि या परीक्षणात मला सर्वांत जोर देऊन सांगायची आहे ती हीच : थांबा एकटा ठरवू नये, जोडीने ठरवावा. माझ्या कागदावर कराडच्या पुढे १२ किलोमीटरवर दुसऱ्या एका कंपनीच्या चार्जरचे नाव आधीच लिहिलेले होते, तिचे अ‍ॅप फोनमध्ये उतरवलेले होते आणि पाकिटात पैसेही होते. त्यामुळे ४१ टक्के असलेल्या गाडीला तिथे जाणे हा निर्णयच राहिला नाही. आम्ही नाश्ता आटोपून निघालो आणि ३६ टक्क्यांवर पुढच्या मशीनला गन लावली. जोडी निवडताना तीन पथ्ये मी पाळतो. दुसरा चार्जर पुढच्या दिशेला असावा, मागे नव्हे. तो वेगळ्या कंपनीचा असावा, कारण एकाच कंपनीची संगणक यंत्रणा कोलमडली तर तिची सगळी मशीन एकदम रुसतात. आणि शक्यतो तो वेगळ्या हॉटेलच्या आवारात असावा, म्हणजे एकाच ट्रान्सफॉर्मरच्या बिघाडात दोन्ही सापडणार नाहीत. पोहोचतानाची अट २५ टक्के ठेवण्यामागचे कारणही हेच. ती टक्केवारी गाडीसाठी नसते. जोडीतल्या दुसऱ्या चार्जरपर्यंतचे ते भाडे असते.

अ‍ॅपमध्ये हे जोडीचे काम हाताने करावे लागते. मूळ योजना ठरल्यावर प्रत्येक थांब्याच्या जागी पर्यायी चार्जर घालून ‘इथे गेलो तर काय’ हे पाहता येते, आणि तसे करून मी दोन योजनांचे दोन तक्ते काढून कागदावर उतरवले. योजनेचा दुवा कुटुंबातल्या दुसऱ्या फोनवर पाठवता येतो, ही सोय चांगली आहे. माझा मुलगा मागच्या बाकावरून तक्ता वाचून दाखवत होता आणि प्रत्येक ठिकाणी अ‍ॅप किती टक्क्यांनी चुकले याची पैज लावत होता.

कोल्हापूरचा थांबा निर्विघ्न पार पडला, म्हणून त्याबद्दल लिहिण्यासारखे काही नाही. तांबडा-पांढरा रस्सा संपेपर्यंत गाडी ठरल्यापेक्षा पाच टक्के जास्त भरली होती, इतकेच. योजनेत जेवणाला ४० मिनिटे धरणारा माणूस कोल्हापुरात कधी जेवलेला नसावा.

खरी रंगत पुढे आहे. निपाणीनंतर रस्ता आजऱ्याकडे वळतो आणि तिथून सावंतवाडीपर्यंत मी एकाही चार्जरवर योजना टांगली नाही. त्या पट्ट्यात गाडीत पुरेशी वीज घेऊनच शिरावे असे माझे मत आहे. सुदैवाने हा पट्टा वीज कमी मागतो. रस्ता बराचसा दुपदरी, वळणावळणाचा, वेग ५०–६० चा. किलोमीटरला १२० वॉट-अवरच्या आत काम भागते. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटरवर आहे, पण कोल्हापूरच मुळात ५५०–६०० मीटरवर असल्यामुळे तिथवरची चढण अंगावर येत नाही. अंगावर येतो तो पलीकडचा उतार.

घाटाचा हिशेब सोपा आहे आणि तो एकदा समजून घेतला की अ‍ॅपचे त्या भागातले आकडे विचित्र वाटत नाहीत. माणसे आणि सामान धरून गाडीचे वजन सतराशे किलो मानले, तर तिला १०० मीटर उंच चढवायला साधारण अर्धे युनिट लागते. आंबोलीचा घाट साडेपाचशे मीटरच्या आसपास खाली उतरतो; म्हणजे अडीच युनिटांची पुंजी डोंगरावर साठवलेली असते. उतरताना मोटर उलटी चालून जनित्राचे काम करते आणि त्या पुंजीतला काही भाग बॅटरीत परत येतो. सगळा येत नाही, कारण टायरांचे घर्षण, हवा आणि यंत्रणेतले नुकसान आपापला वाटा उचलतात. घाट सुरू होताना माझ्या गाडीत ५४ टक्के होते, पायथ्याशी ५६. पंधराएक किलोमीटर चालून वीज वाढलेली पाहणे हा विजेच्या गाडीतला निर्मळ आनंद आहे, आणि ब्रेक जवळपास न दाबता घाट उतरता येतो हा त्याहून मोठा फायदा. पेट्रोलच्या गाड्यांच्या गरम झालेल्या ब्रेकचा वास त्या वळणांवर ज्याने घेतला आहे, त्याला याचे मोल सांगायला नको. मात्र एक पथ्य : माथ्यावर मुक्काम करून सकाळी बॅटरी काठोकाठ भरून उतरू नये. भरलेल्या बॅटरीत परत येणारी वीज मावत नाही, मोटरचा रोध कमी होतो आणि सगळा भार साध्या ब्रेकवर येतो. दहा-पंधरा टक्के रिकामे ठेवून उतरावे.

परतीला हाच घाट वसुली करतो. उतरताना दोन टक्के देणाऱ्या त्याच वळणांनी चढताना दहा टक्के घेतले. अ‍ॅपने अकरा सांगितले होते. केवळ किलोमीटर मोजून योजना आखणाऱ्या माणसाला जाता-येताचा हा फरक दिसत नाही, आणि म्हणून घाटवाटांच्या आपल्या मुलखात चढउताराचा हिशेब करणारे साधन हवे, हे या अ‍ॅपच्या बाजूचे माझे सर्वांत मोठे कारण आहे. सह्याद्री ओलांडून कोकणात किंवा गोव्यात जाणाऱ्या प्रत्येकाने जाण्याची आणि येण्याची योजना स्वतंत्रपणे काढावी. एकच योजना उलटी वाचू नये.

पणजीत पोहोचलो तेव्हा ३३ टक्के होते. कोल्हापुरातले पाच टक्के जास्त धरले तर अ‍ॅपचा अंदाज दोन टक्क्यांनी चुकला असे म्हणावे लागेल. मुक्कामाच्या ठिकाणी चार्जर नव्हता, पण जाड पिनचा पंधरा अँपिअरचा प्लग देऊ असे त्यांनी खोली ठरवतानाच कबूल केले होते. अशा प्लगवर तीनएक किलोवॉट मिळतात. रात्री नऊ ते सकाळी सात गाडी लावली तर तीस युनिटांच्या जवळ भर पडते. चार रात्रींच्या मुक्कामात ते पुरून उरावे. प्रत्यक्षात पहिल्या रात्री गाडीसोबतच्या चार्जरने तांबडा दिवा दाखवून काम करायला नकार दिला, कारण त्या प्लगला अर्थिंगच नव्हते. दुसऱ्या दिवशी तिथल्या वायरमनने स्वयंपाकघराच्या बाहेरच्या प्लगवर सोय करून दिली आणि प्रश्न मिटला. खोली ठरवताना ‘प्लग आहे का’ असे न विचारता ‘अर्थिंग असलेला प्लग गाडीपासून किती अंतरावर आहे’ असे विचारावे. विजेची गाडी थोडीफार चालवलेल्या जागामालकांनाच या प्रश्नाचा अर्थ कळतो, आणि तो कळतो की नाही यावरूनही बरेच काही समजते. अ‍ॅपच्या तक्त्यात मुक्काम हा एक थांबा म्हणून घालता येतो आणि तिथे किती टक्के भरून निघणार हे सांगता येते. परतीची योजना मी १०० टक्क्यांऐवजी ९० धरून काढली होती, ती अर्थिंगच्या प्रसंगानंतर शहाणपणाची वाटली.

परतीच्या वाटेवर कोल्हापुरात रांग लागली. सुटीचा शेवट, दोन गनचे मशीन, आमच्या पुढे तीन गाड्या. पैसे भरून मिळणाऱ्या आवृत्तीत चार्जर रिकामा आहे की नाही हे दिसते असे वर म्हटले आहे; पण ज्या कंपन्यांच्या चार्जरवर मी थांबतो, त्यांची स्वतःची अ‍ॅप तीच माहिती फुकट देतात आणि पैसे चुकवायला ती अ‍ॅप फोनमध्ये असावीच लागतात. म्हणून या एका सोयीसाठी वर्गणी भरावी असे मला वाटले नाही. रांगेत वाट पाहण्याऐवजी जोडीतला दुसरा चार्जर, पेठ नाक्याच्या अलीकडचा, गाठला. फोन करून विचारले होते. तिथे फक्त एक टॅक्सी उभी होती आणि तिचे भरून होतच आले होते.

खर्चाबद्दल थोडक्यात. जाताना साधारण ६० युनिट लागले. त्यांतले निम्म्याहून जास्त घरी भरलेले होते आणि उरलेले वाटेत, वस्तू व सेवा करासह युनिटला २० ते २५ रुपयांच्या दराने. चार्जिंगच्या सेवेवर १८ टक्के कर आहे, तर गाडीच्या खरेदीवर ५ टक्के. हा उफराटा न्याय बिल पाहताना दर वेळी टोचतो. पाकिटांचा जाच वेगळाच. टाटा पॉवर, स्टॅटिक, चार्जझोन, जिओ-बीपी पल्स अशा प्रत्येकाचे वेगळे अ‍ॅप आहे आणि निघण्याआधी घरच्या वाय-फायवर ती सगळी उतरवून, क्रमांक पडताळून ठेवणे हा नियोजनाचाच भाग आहे. हॉटेलच्या आवारात नेटवर्कची एक दांडी दिसत असताना हे काम करायला घेऊ नये.

आता शिफारस. ज्याची गाडी खरोखर चारशे किलोमीटर चालते आणि जो पुणे–कोल्हापूर किंवा मुंबई–नाशिक एवढाच प्रवास करतो, त्याला या अ‍ॅपची गरज नाही. ‘प्लगशेअर’ आणि एक फोन त्याला पुरे. माझ्यासारखी मधली बॅटरी असलेल्या, घाट ओलांडणाऱ्या आणि म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाणाऱ्या चालकाने मात्र ते जरूर वापरावे, फुकटची आवृत्ती वापरावी, आणि पहिल्या मोठ्या प्रवासाआधी एका ओळखीच्या रस्त्यावर संदर्भ आकडा जुळवून घ्यावा. समृद्धी महामार्गाने नागपूरला जाणाऱ्यांनी हे काम दुप्पट काळजीने करावे. ७०१ किलोमीटरचा तो रस्ता ताशी १२० ची मुभा देतो, आणि त्या वेगाला माझ्या वहीतले १५० वॉट-अवर कुठल्या कुठे मागे पडतात. तिथे अ‍ॅपमधली कमाल वेगाची मर्यादा स्वतः ९० किंवा १०० वर आणून योजना काढावी आणि मग गाडीही त्याच वेगाने चालवावी.

पुढच्या महिन्यात आम्ही त्याच मार्गाने सावंतवाडीला जाणार आहोत. कराडची जोडी मी बदलली आहे. लाल खुर्चीवाले हॉटेल पहिल्या क्रमांकावर आणले आहे.